चौथ्या घरचा गडी

किलडोरन गावात एकनाथ शेवाळेला सगळे भोकंवाला म्हणायचे. त्यात चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. काउंटीच्या माती खात्यात त्याची नोकरी. पुरुषभर उंचीचं गिरमिट खांद्यावर टाकून तो शेताशेतातून हिंडायचा, भोक पाडायचा, आतली माती बोटांत चोळून बघायचा, क्वचित जिभेलाही लावायचा. मग मालकाला सांगायचा, की इथे मका येईल, इथे पाणी तुंबेल, आणि सांडपाण्याची टाकी इथे पुरलीस तर पुढच्या उन्हाळ्यात अंगणात बसवणार नाही. संगमनेरकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्याच्या शेतकी कॉलेजातून मिशिगनला शिकायला आला आणि मातीला चिकटून राहिला. नोव्हायला मोटारींच्या कंपन्यांत लागलेले त्याचे मराठी मित्र विचारायचे, "यार, त्या खेड्यात तू करतोस काय?" तो म्हणायचा, "माती तिकडे आहे." या उत्तराने त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्याचं व्हायचं.

नोव्हायपासून दोन तासांवर हे किलडोरन. एक चर्च, एक शाळा, धान्याचं एक कोठार, बाकी सगळी शेतं. इथल्या लोकांचे खापरपणजे आयर्लंडातून उपाशीपोटी आले. येताना त्यांनी सामान फारसं आणलं नव्हतं, पण माणूस मेल्यावर काय काय करायचं, ते सगळं बरोबर आणलं होतं. मरण आलं की घरातलं घड्याळ त्या वेळेला बंद करायचं. आरशांवर चादरी टाकायच्या. अंत्यविधीचा धंदा करणारा माणूस देह नीटनेटका करून परत घरीच आणून द्यायचा, कारण भाड्याच्या खोलीतून शेवटचं निघणं किलडोरनमध्ये कमीपणाचं होतं. देहाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही. आणि खड्डा खणायचा तो शेजाऱ्यांनी. ज्या चार घरांचं कुंपण मेलेल्याच्या कुंपणाला लागतं, त्या चार घरांतून एकेक गडी. रक्ताच्या नात्यातल्या माणसाने त्या फावड्याला हात लावायचा नाही. खड्डा खणायचं यंत्र गावात दोघांकडे होतं, पण दफनभूमीत ते कोणी कधी नेलं नाही.

एकनाथच्या परसातलं कुंपण टॉम गॅरिटीच्या मक्याच्या शेताला लागत होतं. १९८१च्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, टॉम गॅरिटी गेला.

शुक्रवारी सकाळी टॉमचा पुतण्या फ्रान्सिस एकनाथच्या दारात आला. हा शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात काकाची शेती बघायचा. तो म्हणाला, "उद्या सकाळी सात वाजता. चौथं घर तुझं आहे. फावडं असेल ना?"

फावडं होतं. गावात येऊन एकनाथला चार वर्षं झाली होती. लोक बोलायचे, हसायचे, टाक्या विचारायचे. पण 'तुझं घर' असं कोणी म्हणालं नव्हतं. त्याच्या गावी कोणी गेलं, की तिरडी बांधायला माणसं न बोलावता जमत. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, असं त्याची आई म्हणायची. इथे तर बोलावणं दारात चालून आलं होतं. फ्रान्सिसची गाडी वळली आणि त्याने बायकोला सांगितलं, "उत्तरा, चौथं घर आपलं आहे." मग तळघरातून फावडं काढलं आणि, काही गरज नसताना, त्याला धार लावली.

संध्याकाळी तो गॅरिटींकडे भेटायला गेला. पाच वर्षांच्या सीमाला घेऊन उत्तरा घरीच थांबली.

आता झालं ते असं. एकनाथने मयताची घरं पुष्कळ बघितली होती, पण असं घर बघितलं नव्हतं. पुढच्या खोलीत टॉम कोट घालून, हातात जपमाळ धरून, शांत पडला होता. आणि त्याच्यापासून चार हातांवर माणसं चक्क हसत होती. कोणी टॉमच्या बैलाची गोष्ट सांगत होतं, कोपऱ्यात पत्ते चालले होते, व्हिस्की फिरत होती, स्वयंपाकघरात किटली क्षणभर चुलीवरून उतरत नव्हती. टॉमची बायको नोरा, सत्तरीची, काटक, एका डोळ्याने सगळ्यांच्या बशांवर लक्ष ठेवून उभी होती. तिने एकनाथपुढे चहा आणि केकची बशी धरली.

एकनाथ गोंधळला. मयताच्या घरी खायचं? ज्या घरात माणूस गेलं, तिथली चूल थंड असते. तिथे आपण काही न्यायचं, तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. दुःखातल्या माणसाला आपली उठबस करायला लावणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. त्याने हात जोडले आणि नको म्हणाला. नोराने पुन्हा बशी पुढे केली. तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदाही तेच. तिने बशी खाली ठेवली. ज्या घरात देह ठेवलाय तिथला चहा नाकारणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर दार लावणं, हे त्याला कोण सांगणार?

निघताना सगळे नोराचा हात हातात घेऊन ठरलेलं एकच वाक्य म्हणत होते, की तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं. एकनाथ काहीच म्हणाला नाही. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, गुपचूप निघायचं, हे आईने त्याला लहानपणी कान धरून शिकवलं होतं. तो गुपचूप निघाला.

एवढ्यावर भागलं असतं. पण शेवाळ्यांच्या घराचं मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं आणि पुढचं दार लाकूड फुगून वर्षभर अडकलेलं होतं. उत्तरा दारातच उभी होती. "अहो, तिथेच थांबा. अंघोळ केल्याशिवाय आत येऊ नका. सगळं स्वयंपाकघर ओलांडावं लागेल." तिने बादली दिली. एकनाथने अंगणातला नळ सोडला आणि कपड्यांसकट, ऑक्टोबरच्या गारठ्यात, डोक्यावर पाणी ओतून घेतलं. नेमका तेव्हाच रस्त्यावरून फ्रान्सिसचा पिकअप गेला. गेला म्हणजे आधी थांबला, मग गेला.

शनिवारी सकाळी पावणेसात वाजता एकनाथ फावडं घेऊन फाटकाशी उभा राहिला. सातला पाच कमी असताना दोन पिकअप समोरून गेले. कोणी हातही केला नाही. त्याला वाटलं, बघितलं नसेल. तो स्वतःची गाडी काढून दफनभूमीत गेला. तिथे चार माणसं खणत होती, चौथा पलीकडच्या वळणावरचा डोनोव्हन. त्याचं कुंपण गॅरिटींच्या कुंपणापासून अर्ध्या मैलावर होतं. फ्रान्सिस कडेला उभा होता. तो म्हणाला, "माणसं पुरेशी आहेत."

एकनाथ हात हलवत परत आला. हात हलवत म्हणजे, हातात धार लावलेलं फावडं होतंच.

कारण कळायला आठवडा लागला. टपाल वाटणाऱ्या बाईने उत्तराला सांगितलं, की नोराच्या घरचा घासही तुझ्या नवऱ्याने शिवला नाही, तिला साधा निरोप दिला नाही, आणि घरी जाऊन टॉमचा विटाळ नळाखाली धुऊन काढला, असं गावात म्हणतात. आता यातला एक शब्द खोटा नव्हता, आणि एकही खरा नव्हता. उत्तरा म्हणाली, "जाऊन एक्सप्लेन करून या ना." एकनाथ म्हणाला, "काय सांगू? की आमच्याकडे असंच करतात? म्हणजे त्यांनी म्हणावं, आमच्याकडे नाही करत." तो मूग गिळून बसला. हा त्याचा मूर्खपणा होता, आणि त्याचं नाव त्याने स्वाभिमान ठेवलं होतं. मनाला मात्र फार लागलं होतं. त्यानंतर गावात कोणी गेलं आणि दफनभूमीकडे फावडी जाताना दिसली, की त्या दिवशी तो जेवताना बोलायचा नाही.

नोरा पूर्वी कुंपणावरून अंडी द्यायची, ती बंद झाली. रस्त्यात दिसली तर मान हलवायची, तेवढंच. असं तीन वर्षं चाललं.

१९८५च्या जानेवारीत, सोमवारी रात्री, भारतातून ट्रंक कॉल आला. चुलतभाऊ प्रल्हाद ओरडून बोलत होता. आई गेली. पहाटे साडेपाचला, झोपेतच. दुपारपर्यंत थांबून उपयोग नव्हता, एकनाथ दोन दिवसांत पोहोचणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. "तू तिकडेच अंघोळ कर," प्रल्हाद म्हणाला आणि लाइन तुटली.

मंगळवारी घरात चूल पेटली नाही. अशा दिवशी शेजारून पिठलं-भात येतो. नोव्हायच्या मित्रांना फोन केला, ते हळहळले, आणि म्हणाले वीकेंडला सगळे नक्की येतो. त्यांचीही चूक नव्हती. मंगळवार होता आणि सगळे कामावर होते. उत्तराने सीमाला पाव-लोणी देऊन बसमध्ये बसवलं. सीमाने वाटेत फ्रान्सिसला सांगितलं, की माझी आजी वारली आणि आमच्याकडे आज कुकिंग अलाउड नाही.

साडेदहाला मागच्या दारावर थाप पडली. नोरा गॅरिटी. हातात झाकलेलं भांडं, काखेत पाव, बुटांवर घोट्यापर्यंत बर्फ. तिने भांडं टेबलावर ठेवलं, एकनाथचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझ्या दुःखाचं वाईट वाटतं." मग भिंतीकडे बघितलं. "घड्याळ चालू कसं? किती वाजता गेली ती?"

"पहाटे साडेपाच."

नोरा खुर्ची ओढून वर चढायला लागली, तसा तो म्हणाला, "म्हणजे तिकडचे साडेपाच. इथे तेव्हा संध्याकाळचे सात होते. आदल्या दिवशीचे."

नोरा खुर्चीवर उभी राहून विचारात पडली. मेलेल्या माणसाचं घड्याळ कुठलं धरायचं, हा प्रश्न किलडोरनमध्ये कधी आला नव्हता. शेवटी ती म्हणाली, "ती तुझी आई होती. तू सातला काय करत होतास?"

"सीमाला पाढे शिकवत होतो."

"मग सात." तिने काटे सातावर आणले. घड्याळ विजेवरचं होतं, लंबक धरायची सोय नव्हती, म्हणून तिने खाली उतरून वायरच उपटली.

भांड्यात लोण्यातले उकडलेले बटाटे होते. फोन आल्यापासून एकनाथ पहिल्यांदा जेवला. नोरा त्या गार चुलीकडे बघत होती. "आमच्याकडे माणूस गेलं की किटली उतरत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे चहासुद्धा नाही?"

तेव्हा उत्तराने सांगितलं. एकनाथने तीन वर्षं गिळलेलं तिने चार मिनिटांत सांगितलं. मयताच्या घरी चूल का पेटत नाही, तिथे का खात नाहीत, निघताना तोंडातून शब्द का काढत नाहीत. "आणि अंघोळ," ती म्हणाली, "ती सगळ्यांसाठीच असते. काल रात्री आईसाठीही केली त्यांनी. सख्ख्या आईसाठी."

नोराने भांड्यावर झाकण ठेवलं. मग विचारलं, "बाहेर का पण? त्या थंडीत?"

उत्तराने दाराकडे बोट केलं. दार, मग लगेच चूल.

"गार पाण्याने?"

"गारच. नळाचं."

"मला वाटलं होतं, टॉमची घाण वाटली याला," नोरा म्हणाली. "तीन वर्षं मी याच्याशी भांडतेय. माझ्या मनात. तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," एकनाथ म्हणाला. मग त्याला बरं वाटलं नाही, म्हणून म्हणाला, "मला खणायचं होतं, मिसेस गॅरिटी. मी फावड्याला धार लावली होती."

"ते झालं आता," नोरा म्हणाली. टॉम दुसऱ्यांदा जाणार नव्हता. तिने शाल गुंडाळली आणि निघताना मुद्दाम काहीही न बोलता दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कुंपणावर पुन्हा अंडी यायला लागली.

फ्रान्सिसने मात्र कधी विषय काढला नाही. ज्याने गोष्ट पसरवली त्याला ती परत गोळा करणं जड जातं. एकनाथनेही विचारलं नाही.

१९८७च्या मार्च महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नोरा गेली. संध्याकाळी फ्रान्सिस दारात आला, टोपी हातात घेऊन. "मंगळवारी पुरायचं. काकूने लिहून ठेवलंय, चौथं घर तुझं." तो जरा थांबला. "सोमवारी मात्र माती उघडता येत नाही. सोमवारी उघडलेला खड्डा वर्षाच्या आत दुसऱ्याला बोलावतो. म्हणून एक ढेकूळ रविवारीच उलटून ठेवायचं. मग सोमवारी खणलं तर चालतं."

उत्तरा हळूच मराठीत म्हणाली, "आपल्या पंचकासारखंच." नियम आणि पळवाट एकाच दमात सांगितली, की एकनाथला माहेरी आल्यासारखं वाटायचं. रविवारी प्रार्थना सुटल्यावर त्याने दफनभूमीत टॉमच्या शेजारची हिरवळ फावड्याने कापली आणि ते ढेकूळ उलटं ठेवलं. सगळं गाव बघत होतं. 

सोमवारी चौघांनी खणलं. वर गोठलेली चिकणमाती, पहारीशिवाय निघेना; दोन हात खाली गेल्यावर वाळू लागली. एकनाथने हात वर केला. "टॉमच्या बाजूला वीतभर माती जास्त सोडा. ती बाजू पाच-सहा वर्षांपूर्वी उकरलेली आहे, ढासळेल." तिघे थांबले. मग त्यांनी वीतभर माती सोडली. दुपारी खड्डा झाला, तेव्हा त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यावर एक फावडं आणि एक कुदळ आडवी-उभी ठेवली. फावडं एकनाथचं होतं.

तिथून तो कपडे बदलून थेट गॅरिटींच्या घरी गेला, कारण रात्रभर देहाशी बसायचं होतं आणि चार घरांची पाळी पहिली होती. नोरा पुढच्या खोलीत होती, टॉम होता तिथेच. घड्याळ चारला दहा कमी असताना थांबलेलं. फ्रान्सिसच्या बायकोने चहा आणि केक पुढे केला. एकनाथने बशी घेतली. पहिला घास त्याच्या तोंडात फिरतच राहिला. आई वरून बघत असती, तर तिने काय म्हटलं असतं, ते त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. त्याने घास गिळला, केक संपवला आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. मग फ्रान्सिसचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुझ्या दुःखाचं वाईट वाटतं." फ्रान्सिस जमिनीकडे बघत होता. त्याने मान हलवली.

मंगळवारी चर्च झालं. चार घरांच्या खांद्यांवरून नोरा दफनभूमीच्या टेकडीवर गेली. टॉमच्या बाजूची माती ढासळली नाही. खड्डा ज्यांनी खणला त्यांनीच बुजवला, घरची माणसं उभी असेपर्यंत. दुपारी बारा वाजता एकनाथ स्वतःच्या अंगणात गाडीतून उतरला. उत्तरा मागच्या दारात उभी होती. अंगणातला नळ हिवाळ्याने अजून धरलेला होता, म्हणून तिने तळघरातून बादलीभर पाणी भरून पायरीशी ठेवलं होतं. गारच. घरातला गरम पाण्याचा बंब नेमका आदल्या दिवशी बिघडला होता.

तेवढ्यात फ्रान्सिसचा पिकअप आला. या वेळी तो आत वळला. पुरण्याच्या कपड्यांतच फ्रान्सिस उतरला आणि मागून दुधाचा मोठा कॅन ओढून काढला. कॅनला जुनी ब्लँकेटं गुंडाळून दोरीने बांधली होती.

"काकूच्या यादीत आहे," तो म्हणाला. खिशातून कागद काढला आणि वाचायला लागला, कारण न वाचता बोलणं त्याला जमलं नसतं. "'भोकंवाला माझ्याकडून घरी गेला, की त्याला अंगणात अंघोळ करावी लागेल. मार्च असो की ऑगस्ट. गार पाण्याने करू देऊ नका. फ्रान्सिसने घेऊन जायचं. फ्रान्सिसनेच.'" त्याने कागदाची घडी घातली. "सकाळपासून चुलीवर होतं."

त्याने झाकण काढलं. वाफेचा लोट उठला. एकनाथने पाण्यात बोटं घातली आणि झटकन मागे घेतली.

"थांबा, कढत आहे," उत्तरा म्हणाली. "विसण घालते."

"काय म्हणाली ती?" फ्रान्सिसने विचारलं.

एकनाथला सांगायचं होतं, की फार गरम पाण्यात थोडं गार मिसळतात, म्हणजे अंगावर घेता येतं. पण तो रडत होता. आईच्या वेळी तो असा रडला नव्हता. तेव्हा समोर कोणी नव्हतंच. उत्तराने बादलीतलं निम्मं पाणी कॅनमध्ये ओतलं, हात घालून बघितलं आणि मान हलवली.

"खाली बस," फ्रान्सिस म्हणाला. एकनाथ पायरीपुढे उकिडवा बसला. फ्रान्सिसने कोटाच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही हातांनी कॅन उचलला आणि त्याच्या डोक्यावर हळूहळू पाणी ओतलं.